कमी मार्कांची तीन कारणं

आमच्या घरात एखादं काम कुणीतरी एकानेच करावं, ही साधी गोष्ट या माणसांना कधी जमलेली नाही. एक तर ते काम कुणीच करत नाही, नाहीतर सगळेच करतात, आणि तेही एकमेकांना न सांगता. माझा जन्म याच घरातला. खालच्या लाँड्रीत धुऊन आलेले कपडे तपासायचे, घड्या घालायच्या आणि पिशव्यांत भरायचे, यातच माझं आयुष्य चाललंय. तेव्हा मी चिडून बोलत असले तरी उगाच बोलत नाहीये.

लाँड्री माझ्या थोरल्या भावाची, दादाची. तो काउंटरवर असतो. डाग काढायचं टेबल वहिनीचं. धुण्याचं मशीन आणि वाफेची इस्त्री धाकट्याकडे. धाकट्या म्हणजे माझा धाकटा भाऊ; डोक्यावरचे केस पांढरे झाले तरी त्याला सगळे धाकट्याच म्हणतात आणि तो वागतोही तसाच. आणि या तिघांच्या पायात पायात वाढलेली दादाची एकुलती एक मुलगी, बटण. लहानपणी ती कपड्यांतून तुटून पडलेल्या बटणांचा डबा घेऊन तासन्‌तास बसायची, म्हणून बटण. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे, तिथेच राहू दे.

तर बटणला कॉलेजात जायचं होतं. कुठल्याही नव्हे, जमिनीची मोजणी आणि नकाशे शिकवतात त्या कॉलेजात. हे तिच्या डोक्यात कुठून आलं कुणास ठाऊक, पण आलं होतं ते पक्कं. गेलं वर्षभर ती हातात टेप घेऊन घरभर फिरत होती. माझ्या खोलीची एक भिंत दुसरीपेक्षा आखूड आहे, ही बातमी मला तिच्याकडून कळली. त्याआधी मी त्या खोलीत सुखाने झोपत होते.

अडचण एकच होती. ते कॉलेज माध्यमिक शाळेच्या सगळ्या वर्षांचे मार्क बघतं. बटणची शेवटची दोन वर्षं झकास. पहिल्या दोन वर्षांबद्दल मात्र न बोललेलंच बरं. गणितात तर ती काठावरसुद्धा नव्हती, काठाच्या बरीच खाली होती. तेव्हा प्रत्येक निकालाला दादाने घर डोक्यावर घेतलं होतं, वहिनीने डोळे पुसले होते आणि धाकट्याने "मीही असाच होतो" असं म्हणून आगीत तेल ओतलं होतं. मग तिसऱ्या वर्षी पोरगी आपोआप वर आली आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकून तो विषय सोडून दिला.

कॉलेजच्या अर्जाने तो पुन्हा उकरून काढला. अर्जात एक चौकट होती. सुरुवातीच्या वर्षांत गुण कमी असल्यास त्याचं कारण लिहा, आणि पालकांना काही कळवायचं असेल तर वेगळं पत्र पाठवा. बटणने चौकटीत लिहिलं, "विशेष कारण नाही. नंतर अभ्यास केला." आणि अर्ज पाठवून मोकळी झाली. जेवताना तिने हे सांगितलं तेव्हा दादाच्या हातातला घास हातातच राहिला.

"विशेष कारण नाही? असं लिहिलंस? अगं, म्हणजे आपण स्वतःच सांगितलं की ही ढ होती म्हणून!"

"मी ढ नव्हते, बाबा."

"तेच म्हणतोय मी! मग तसं लिहायचं ना!"

"काय लिहायचं? मी ढ नव्हते असं?"

"कारण लिहायचं, कारण! जगात प्रत्येक गोष्टीला कारण असतं."

वहिनी म्हणाली, "अहो, जेवू द्या तिला." धाकट्या म्हणाला, "बघू, काहीतरी करू." मी म्हणाले, "पोरीने पाठवलाय ना अर्ज, आता गप्प बसा सगळे." माझं ऐकून सगळे खरंच गप्प बसले. तिथेच मला संशय यायला हवा होता. या घरात माझं ऐकून कुणी गप्प बसतं का कधी?

त्यानंतर काही दिवस घरात विलक्षण शांतता होती. दादा काउंटरवर शीळ घालत होता. वहिनी दुपारी "जरा जाऊन येते" म्हणून कुठेतरी जाऊन आली. धाकट्या इस्त्री बाजूला ठेवून कागदावर काहीतरी खरडत होता, आणि मी जवळ गेले की कागद शर्टाखाली सरकवत होता. मला वाटलं, या वयात कुणाच्या प्रेमात पडला की काय.

मग एके दिवशी सकाळी दुकानातला फोन वाजला. दादा गिऱ्हाइकाशी बोलत होता म्हणून मी उचलला. पलीकडे कॉलेजच्या ऑफिसातला कारकून होता. आवाज थकलेला, पण सभ्य.

"मुलीला मुलाखतीला बोलावलंय," तो म्हणाला. "सोबत एक पालक चालेल. येताना जरा एक खुलासा घेऊन या. पालकांची तीन पत्रं आली आहेत."

"तीन?"

"हो. एकात मुलीला टायफॉइड झाला होता आणि अशक्तपणा दोन वर्षं टिकला असं आहे, सोबत डॉक्टरांचा दाखला आहे. दुसऱ्यात तिला फळ्यावरचं दिसत नव्हतं असं आहे, सोबत चष्म्याच्या दुकानाची चिठ्ठी आहे. तिसऱ्यात आजीच्या निधनामुळे मुलगी खचली असं आहे." तो थोडा थांबला. "मॅडम विचारतायत की हे सगळं एकाच मुलीला झालं का."

मी फोन ठेवला आणि कपाळाला हात लावून पिशव्यांच्या ढिगावर बसले. डॉक्टर म्हणजे आमचेच गिऱ्हाईक. त्यांचे पांढरे कोट वर्षानुवर्षं आमच्याकडे येतात आणि दादाने त्यांना गळ घातली असणार हे शेंबडं पोरही सांगेल. चष्मेवाला कोपऱ्यावरचा, वहिनीच्या ओळखीचा. पण आजी? बटणची एक आजी, वहिनीची आई, ठणठणीत आहे आणि आठवड्यातून दोनदा फोन करून आम्हाला फैलावर घेते. दुसरी म्हणजे आमची आई. ती बटणच्या जन्माआधीच गेली. बिचारीला धाकट्याने दुसऱ्यांदा मारलं होतं, तेही नातीचे मार्क कमी आले म्हणून.

गिऱ्हाईक गेल्यावर मी तिघांना काउंटरपाशी उभं केलं आणि काय झालं ते सांगितलं. वाटलं, निदान ओशाळतील. छे!

"तू डोळ्यांचं कशाला लिहिलंस?" दादा वहिनीवर उखडला. "मी टायफॉइडची व्यवस्था केली होती ना!"

"मला काय स्वप्न पडलं? आणि टायफॉइड दोन वर्षं राहतो का कुठे? डोळ्यांचं पटण्यासारखं तरी होतं."

"भावना कुणाच्यातच नाहीत," धाकट्या म्हणाला. "माझं पत्र वाचून ते रडले असतील."

"तुझं पत्र वाचून आई रडली असती!" मी ओरडले.

मला तो कोट आठवला. गेल्या वर्षी एका बाईंच्या लोकरी कोटावर शाईचा डाग होता. वहिनीने त्याच्यावर तिचं औषध लावलं. ती चहा प्यायला वर गेली तेवढ्यात दादाने तोच डाग बघून दुसरं औषध लावलं. मशीनमध्ये टाकण्याआधी धाकट्याने, डाग अजून दिसतोय म्हणून, तिसरं लावलं. डाग गेला. त्याच्यासोबत कोटाचा तेवढा तुकडाही गेला. तेव्हाही हे तिघे असेच भांडले होते, आपापलं औषध कसं बरोबर होतं यावर.

बटण शाळेतून आली तेव्हा भांडण रंगात होतं. तिने दारातच उभं राहून सगळं ऐकलं. ती आरडाओरडा करेल असं मला वाटलं होतं, पण तिने दप्तर खाली ठेवलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "आता मी खरं बोलले तर तुम्ही खोटे ठरता. आणि तुम्हाला सांभाळून घेतलं तर मी खोटी ठरते. मला जागा मिळण्याची जी काय थोडीशी शक्यता होती ना, तीसुद्धा घालवलीत तुम्ही."

"अगं, तुझ्यासाठीच केलं ना..." दादा म्हणाला.

"माहितेय, बाबा," ती म्हणाली. "आत्या, मुलाखतीला तू चल. तू एकटीनेच काही पाठवलेलं नाहीस."

मी पाठवलं नव्हतं ते मला पत्रं लिहायचा कंटाळा आहे म्हणून, पण त्या क्षणी ते सांगायची गरज नव्हती.

मुलाखतीची खोली लांबट होती. भिंतीवर नकाशे, कोपऱ्यात तिवईवर दुर्बिणीसारखं एक यंत्र, त्याच्यावर कापड घातलेलं. टेबलामागे एक बाई प्राध्यापक होत्या. त्यांना सणसणीत सर्दी झाली होती, आणि सर्दी झालेल्या माणसाला असतो तेवढाच धीर त्यांच्याकडे होता. शेजारी एक सडपातळ सर होते. ते काहीच बोलत नव्हते, नुसते पेन्सिलीला टोक करत होते. टेबलावर ती तीन पत्रं ओळीने मांडलेली. धाकट्याचं अक्षर लांबूनही ओळखू येत होतं, आणि मला टेबलाखाली लपावंसं वाटलं.

"बस," मॅडम बटणला म्हणाल्या. "तुझी शेवटची दोन वर्षं चांगली आहेत, म्हणून बोलावलं. पण हे काय आहे? यातलं खरं कुठलं?"

बटणने माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार? कुठलंही एक खरं म्हणाली असती, तर प्रकरण कदाचित मिटलंही असतं. डोळ्यांचं तर सहज खपलं असतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, डोळे म्हण, पोरी, डोळे म्हण आणि सुटका करून घे.

"एकही खरं नाही," बटण म्हणाली. "आणि मॅडम, माझ्या घरचे लोक लबाड नाहीत. त्यांना नुसतं... काहीतरी करायचं होतं."

"खोटा दाखला जोडणं म्हणजे लबाडीच असते," मॅडम म्हणाल्या आणि दोनदा शिंकल्या. "मग खरं काय? अर्जात तू लिहिलंस विशेष कारण नाही. दोन वर्षं सलग कुणी असंच नापास होत नाही."

"त्याला कारण म्हणतात की नाही ते मला कळत नव्हतं."

"सांग तर खरं. आम्ही ठरवू."

बटण बोटांनी टेबलाची कड चाचपत होती. मग एकदम बोलायला लागली. "नवीन शाळेत पहिल्याच महिन्यात सरांनी वजा आकड्यांचे गुणाकार घेतले. वजाला वजाने गुणलं की अधिक येतं. मला काही केल्या ते कळेना. दोन्ही वजा, मग अधिक कुठून आलं? सरांनी विचारलं, समजलं का? सगळे हो म्हणाले. मीही हो म्हणाले. मग पुढचं त्याच्यावरच होतं, आणि त्याच्या पुढचं त्याच्यावर. मी प्रत्येक वेळी हो म्हणत गेले. दोन वर्षं."

"विचारलं का नाहीस?"

"आमची लाँड्री आहे. मी लहान असल्यापासून काउंटरवर बसते. गिऱ्हाइकाने काहीही आणलं तरी आमच्याकडे माहीत नाही असं म्हणायचं नसतं. होऊन जाईल म्हणायचं आणि कपडा ठेवून घ्यायचा. मग आत जाऊन बघायचं काय करायचं ते. मला वाटायचं शाळेतही तसंच असतं. घरी जाऊन बघू. पण घरी गेल्यावर काय बघायचं तेच कळायचं नाही."

पेन्सिलवाले सर पहिल्यांदाच हसले. मॅडम हसल्या नाहीत. "आणि घरी? घरच्यांना सांगितलं नाहीस?"

"घरी कुणी विचारलं नाही."

मला राहवलं नाही. "अगं, विचारलं नाही कसं? तुझा बाप प्रत्येक निकालाला घसा फोडून विचारत होता, असे मार्क का पडले म्हणून!"

"ते विचारणं नव्हतं, आत्या," बटण म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "विचारलं असतं तर उत्तरासाठी थांबले असते. आत्तासुद्धा कॉलेजने कारण मागितलं तर तिघांनी तीन लिहून दिली. मला विचारून एकानेही नाही."

मी टेबलावरच्या त्या तीन पत्रांकडे बघितलं.

"मग पुढे सुधारलीस कशी?" सरांनी विचारलं. आवाज अगदी बारीक.

"तिसऱ्या वर्षी आमचे सर आजारी पडले, म्हणून बदलीवर एक बाई आल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, मला तुमचा वर्ग माहीत नाही, प्रत्येकाने न समजलेली एक गोष्ट चिठ्ठीवर लिहून द्या, नाव घालू नका. मी ते वजाचं लिहिलं. दुसऱ्या दिवशी कळलं, अर्ध्या वर्गाने तेच लिहिलं होतं."

मॅडमनी नाक पुसलं आणि एक कागद बटणपुढे सरकवला. त्यावर एक टेकडी, एक झाड आणि दोन कोन होते. झाडाची उंची काढायची होती. बटण बोटाने झाडापासून पहिल्या कोनापर्यंत आली आणि तिथे अडली. अखेर ती म्हणाली, "इथपर्यंत येतं मला. याच्या पुढे काय करायचं ते माहीत नाही. सांगाल का?"

झालं, मी मनात म्हटलं, संपलं. पण सर खुर्ची ओढून तिच्या बाजूला आले आणि टोक केलेली ती पेन्सिल त्यांनी तिच्या हातात दिली. दोघं कागदावर वाकली. मध्येच ती म्हणाली, "थांबा, हे नाही कळलं." पुन्हा म्हणाली, "हेही नाही." मी शरमेने अर्धी झाले. आणि मग एकदम तिने खालच्या सगळ्या ओळी भराभर लिहून काढल्या.

मॅडमनी तीन पत्रं गोळा केली आणि माझ्या हातात दिली. "ही अजून फाइलला लावलेली नाहीत. घरी घेऊन जा. आणि त्या डॉक्टरांना सांगा, पुन्हा असे दाखले वाटू नका." मग बटणकडे वळून म्हणाल्या, "जागा देतोय, पण अटीवर. पहिल्या सत्रात गणितात नापास झालीस तर जागा जाईल. समजलं?"

"हो," बटण म्हणाली. आणि लगेच म्हणाली, "सत्र म्हणजे नक्की कधीपर्यंत?"

आम्ही दुकानात पोचलो तेव्हा तिघेही काउंटरच्या बाहेर येऊन उभे होते. आत इस्त्री वाफ सोडत एकटीच फुसफुसत होती. मी म्हणाले, "मिळाली जागा." वहिनीने बटणला घट्ट धरलं. धाकट्याने हातातला हँगर हवेत उडवला आणि तो माझ्या डोक्यावर पडला. आणि दादा, माझा सख्खा थोरला भाऊ, छाती फुगवून म्हणाला, "मग? कुठलं चाललं? टायफॉइड ना?"

"डोळे असणार," वहिनी म्हणाली.

"आई," धाकट्या म्हणाला. "मी सांगतो, आई चालली असणार."

मी हात टेकले. खरंच सांगते, त्या क्षणी मला तिघांनाही मशीनमध्ये घालून वरून झाकण लावावंसं वाटलं. मी पत्रं काउंटरवर आपटली आणि मुलाखतीत जे जे झालं ते सगळं सांगितलं. झाडाच्या उंचीसकट, होऊन जाईलसकट. घरी कुणी विचारलं नाही, हेही सांगितलं. बटण मला डोळ्यांनी खुणावत होती, पण मी थांबले नाही. कुणीतरी सांगायलाच हवं होतं.

वहिनी उगाचच इस्त्री बंद करायला गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. धाकट्याने स्वतःचं पत्र उचललं आणि घडी घालून खिशात टाकलं. दादा काउंटरमागे जाऊन त्याच्या स्टुलावर बसला. एक गिऱ्हाईक आलं, त्याला त्याने उद्या या म्हणून वाटेला लावलं. असं त्याने याआधी कधी केलेलं मी बघितलेलं नाही.

"बटण," तो म्हणाला. "ते काय होतं? तुला समजलं नव्हतं ते?"

"जाऊ दे ना, बाबा. आता येतं मला."

"तरी सांग."

बटणने निःश्वास सोडला. ढिगातला एक धुतलेला शर्ट ओढला. "हे बघा. वजा म्हणजे उलटं करायचं. हा सुलटा आहे. उलटा केला." तिने शर्टाच्या बाह्या आत ओढून तो उलटा केला. "आता हाच परत उलटा केला. काय झालं?"

"सुलटा झाला," दादा म्हणाला.

"झालं. वजा गुणिले वजा, अधिक."

दादा शर्टाकडे बघत राहिला. मला वाटलं, आता म्हणेल, अरे वा, आणि उठेल. तो उठला नाही. "मग नुसती बेरीज केली तर?" तो म्हणाला. "वजा आणि वजा मिळवले, तर तेव्हा का नाही सुलटं होत?"

"बाबा! बेरीज वेगळी, गुणाकार वेगळा! मी काय सांगतेय आणि तुमचं काय चाललंय? लक्ष कुठे आहे तुमचं?"

"इथेच आहे," दादा म्हणाला, आणि त्याने दुसरं स्टूल तिच्यासाठी पुढे ओढलं. "परत सांग."